वाचकांचे प्रश्न : पाणवनस्पतींबरोबर टाकीत शिरलेले जीव

नदी-ओढ्यांतील पाणवनस्पती घरच्या काचेच्या टाकीत कशा लावाव्यात, याविषयी या सदरात मागे लिहिले होते. त्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा विषय वनस्पती हा नसून त्यांच्याबरोबर नकळत घरात आलेले लहान जीव हा आहे. बहुतेक पत्रांचा सूर घाबरलेला आहे आणि जवळजवळ प्रत्येकाने ‘कोणते औषध टाकावे’ असे विचारले आहे. जीव कोणता आहे हे ठरल्याशिवाय औषधाचा विचार करण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. म्हणून पुढील उत्तरांत ओळख पटवण्यावर भर दिला आहे.

प्रश्न : कृष्णाकाठावरून हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया आणून गप्पी माशांच्या टाकीत लावली. काही दिवसांनी काचेवर हात फुटलेले पांढरट, बारीक धागे दिसू लागले आणि पानांवर शेपटीला तीन पाने असलेला एक हिरवट किडा दिसला. गप्पींची पिल्ले रोज कमी होत आहेत. यांत दोषी कोण? सगळी टाकी रिकामी करावी काय?
— एक वाचक, कराड

उत्तर : टाकी रिकामी करण्याची गरज नाही. आपल्या वर्णनावरून टाकीत दोन निराळे शिकारी आहेत, आणि त्यांच्या जोडीला एक तिसरा संशयितही आहे, ज्याचा आपण उल्लेख केलेला नाही : मोठे गप्पी मासे स्वतःची पिल्ले बिनदिक्कत खातात. पिल्लांना लपायला दाट झुडपे असतील तर हे प्रमाण कमी होते. तरीही हिशेब मांडताना आईबापांना वगळू नये.

शेपटीला तीन पाने असलेला किडा म्हणजे टाचणी या चतुरासारख्या, पण सडपातळ उडणाऱ्या कीटकाची अळी. चतुर आणि टाचणी या दोघांचेही बालपण पाण्यात जाते. टाचणीची अळी सडपातळ असते आणि शेवटी दिसणारी तीन पाने म्हणजे तिचे कल्ले होत. चतुराची अळी आखूड व जाडजूड असते, तिला बाहेर अशी पाने नसतात. ती गुदद्वारावाटे पाणी आत घेऊन श्वसन करते आणि तेच पाणी जोराने मागे फेकून झटक्यात पुढे सरकते. दोघींचाही खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो; भक्ष्य टप्प्यात आले की तो क्षणार्धात पुढे फेकला जातो आणि टोकावरील आकड्यांत भक्ष्य अडकते. नवजात गप्पी हे तिच्या मापाचे अन्न आहे, त्यामुळे आईबापांना बाजूला ठेवले तर पहिला संशय तिच्यावरच घ्यावा लागतो.

येथे एक सावधगिरी हवी. तीन शेपट्या दिसल्या म्हणजे टाचणीच, असे समजू नये. मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळीलाही बहुधा तीन शेपट्या असतात. पण त्या केसासारख्या बारीक असतात, पानासारख्या रुंद नसतात, आणि तिचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना ओळीने असतात. या गटातील बहुतेक अळ्या दगडावरचे आणि पानांवरचे शेवाळ व कुजका गाळ खातात, माशांच्या वाटेला जात नाहीत. वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याची सवय असल्यामुळे घरच्या टाकीत त्या फार दिवस टिकतही नाहीत.

वनस्पती नळाखाली तीन वेळा धुतल्या होत्या, तरी अळी आली कोठून, असेही आपण पत्रात पुढे विचारले आहे. टाचणीची मादी पाण्यातील झाडाच्या देठाला बारीक चीर पाडून अंडी त्या पेशींच्या आत घालते. बाहेरून धुतल्याने, किंवा कोणत्याही द्रावणात थोडा वेळ बुडवल्याने ती निघत नाहीत. वनस्पती घरी आल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अंडी फुटतात आणि पिनेच्या टोकाएवढ्या अळ्या बाहेर पडतात, म्हणून त्या पहिल्या पाहणीत कोणालाच दिसत नाहीत. यावर उपाय एकच : रात्री सर्व दिवे बंद करून अर्ध्या तासाने टॉर्च लावावा, पानांवर बसलेल्या अळ्या लहान जाळीने किंवा लांब चिमट्याने काढाव्यात, आणि हे काही रात्री सलग करावे. काढलेली अळी मारलीच पाहिजे असे नाही. बरणीत वेगळी ठेवून डासांच्या अळ्या खायला घातल्या आणि उभी काडी दिली, तर ती एके दिवशी काडीवर चढते, कात टाकते आणि टाचणी होऊन उडून जाते. घरात शाळकरी मुले असतील तर हे जरूर करावे.

आता काचेवरचे धागे. हा हायड्रा आहे. दहावीच्या विज्ञानात मुकुलायनाच्या आकृतीत आपण सर्वांनी काढलेला तोच. काही मिलिमीटरचे शरीर, एका टोकाला पाच-सात शुंडके, आणि बोट लावताच आक्रसून ठिपका होण्याची सवय, एवढ्या खुणा पुरेशा आहेत. शुंडकांवर दंशपेशी असतात. पाणपिसू, आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील बारीक झिंग्यांची पिल्ले आणि अगदी नाजूक मत्स्यपिल्ले त्यांत सापडतात. गप्पीचे पिल्लू जन्मतःच त्या मानाने मोठे असल्यामुळे ते क्वचितच बळी पडते. पण अंडी घालणाऱ्या माशांची पिल्ले वाढवणाऱ्यांनी हायड्रा गांभीर्याने घ्यावा. मोठ्या माशांना आणि माणसाला त्यापासून अपाय नाही.

हायड्रा काचेवरून खरवडून काढण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण त्याच्या तुकड्यांपासून नवे हायड्रा तयार होतात. निसर्गशास्त्रज्ञ अब्राहम ट्रेंब्ले यांनी 1740 च्या दशकात तुकडे करकरूनच हे दाखवून दिले होते. टाकीत त्याची संख्या वाढते ती खाद्य जास्त पडल्यामुळे, विशेषतः आर्टेमियासारखे जिवंत खाद्य. पंधरा दिवस असे खाद्य थांबवावे, तळाचा गाळ नळीने ओढून घ्यावा आणि ज्या पानांवर हायड्रा दाट असेल ती पाने काढून टाकावीत. बहुतेक टाक्यांत एवढ्याने काम भागते. निळा गुरामी हायड्रा खातो असा मत्स्यपालकांचा अनुभव आहे, पण तो गप्पींची पिल्लेही खाईल, म्हणून आपल्या टाकीत त्याचा उपयोग नाही. जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारे फेनबेंडाझोल हे जंतावरचे औषध हायड्रा मारते हे खरे, परंतु त्याने गोगलगायीही दगावू शकतात आणि गायी-म्हशींच्या गोळीतून माशांच्या टाकीसाठी चिमूट मोजणे हा अंदाजपंचे कारभार आहे.

जाता जाता : हायड्रा ज्या मोठ्या गटात मोडतो त्याच गटातील गोड्या पाण्यातील जेलीफिश सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या खोऱ्यातील नद्यांमध्ये सापडला आणि 1910 च्या दशकात शास्त्रज्ञांसमोर आला. तो शोधण्याचे श्रेय शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना जाते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यांचेच नाव आहे. लिम्नोक्निडा वंशातील हे जीव तोवर आफ्रिकेतलेच समजले जात होते. आपल्या काचेवरच्या धाग्याचे नातेवाईक असे प्रतिष्ठित आहेत, हेही ध्यानात असावे.

प्रश्न : टाकीच्या काचेवर रात्री चपटे, तपकिरी किडे सरकताना दिसतात. दुकानदार म्हणतो जळू, मुलगा म्हणतो प्लॅनेरिया. दोघांपैकी कोणाचे खरे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : चाल पाहावी, लगेच निकाल लागतो. प्लॅनेरिया काचेवरून एकसारखा घसरत जातो, शरीराची कमान होत नाही. डोके त्रिकोणी असून त्यावर दोन डोळे तिरळे पाहत असल्यासारखे दिसतात. जळूच्या दोन्ही टोकांना चूषक असतात. ती पुढचे टोक चिकटवते, मागचे ओढून घेते, पुन्हा पुढे ताणते. आपण ‘सरकताना’ असे लिहिले आहे, त्यावरून मुलाचे म्हणणे बरोबर असावे.

प्लॅनेरिया मुख्यतः उरलेसुरले खाद्य आणि मेलेले जीव खातो. माशांना त्याचा त्रास नाही; मात्र लहान झिंगे पाळले असतील तर त्यांची पिल्ले तो पकडू शकतो. त्याचेही तुकडे करू नयेत, कारण पुनर्जनन हा त्याचा हातखंडा आहे. औषधाच्या लहान बाटलीच्या झाकणाला बारीक भोके पाडून आत कोंबडीच्या काळजाचा तुकडा ठेवावा, दिवे मालवल्यावर ती तळाशी सोडावी आणि पहाटे आतल्या किड्यांसकट बाहेर काढावी.

जळूच निघाली तरी घाबरू नये. झाडांबरोबर येणाऱ्या लहान, चपट्या जळवांपैकी बऱ्याच जाती गोगलगायी आणि पाण्यातील कृमी खाऊन जगतात. म्हशींना लागणारी मोठी जळू निराळी. या लहान जळवांची मादी (खरे तर प्रत्येक जळू नर आणि मादी दोन्ही असते) पिल्ले पोटाखाली चिकटवून हिंडवते, म्हणून एक जळू काढताना ती चिरडू नये, अन्यथा पिल्ले टाकीत विखुरतात. चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्याच्या वाटीत टाकावी. मीठ टाकीत मात्र टाकू नये, बहुतेक पाणवनस्पतींना ते सोसत नाही.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेच्या चरातून पाणवनस्पती आणून टाकीत लावल्या. आठ दिवसांत आधीपासूनचे सर्व झिंगे मेले, आणि गोगलगायी मात्र वाढतच आहेत. त्या मारण्यासाठी चिमूटभर मोरचूद टाकले तर चालेल काय? पुढच्या वेळी वनस्पती टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीच्या पाण्यात धुवाव्यात, असेही कोणी सुचवले.
— एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : मोरचूद टाकू नये. त्यातील तांबे गोगलगायींना मारते, तसेच ते झिंग्यांना त्याहूनही कमी मात्रेत मारते, आणि पाणी मृदू असेल तर माशांनाही भोवते. शिवाय शेकडो गोगलगायी एकाच रात्री मेल्या तर त्या कुजून पाण्यात अमोनिया वाढतो व त्याने मासे जातात.

झिंगे का मेले याचे उत्तर आपल्या प्रश्नाच्या पहिल्याच वाक्यात असावे. बोर्डो मिश्रणातील मोरचूद आणि बागेत फवारली जाणारी कीटकनाशके पावसाने किंवा ठिबकच्या जादा पाण्याने चरात उतरतात आणि तेथील चिखलात व वनस्पतींवर राहतात. झिंगे आणि कीटक हे जवळचे सगेसोयरे असल्यामुळे कीटकांसाठी बनवलेली औषधे झिंग्यांना सहज लागू पडतात. गोगलगायींवर त्यांतील अनेकांचा फारसा परिणाम होत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांची गर्दी असते, त्या काळात तर बागेच्या चरातील काहीही घरात आणू नये. टाकीतील निम्मे पाणी दोन-तीन वेळा बदलावे, सक्रिय कोळसा गाळणीत ठेवावा आणि महिनाभर नवे झिंगे सोडू नयेत.

गोगलगायींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याच विषयाची आणखी पत्रे आहेत. वनस्पतींबरोबर तीन-चार प्रकार येतात. सपाट, चकलीसारखा वेटोळा शंख आणि तांबूस अंग असेल तर ती इंडोप्लॅनॉर्बिस. तिच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. टोकदार शंख असेल तर टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरावा : तोंड उजवीकडे उघडत असेल तर ती लिम्निया गटातली, डावीकडे उघडत असेल तर फायसा. लांब, निमुळता शंख असून ती दिवसा वाळूत दडून राहत असेल तर ती मेलॅनॉइड्स. ती अंडी न घालता थेट पिल्ले देते, आणि एकटी मादी नराशिवायही वंश वाढवते. पहिल्या तिन्ही प्रकारांची अंडी पानांखाली पारदर्शक चिकट गोळ्यांत असतात आणि तीच आपल्या नजरेतून सुटतात. यांपैकी कोणतीही गोगलगाय निरोगी झाडांचा फडशा पाडत नाही; मेलॅनॉइड्स तर वाळू उकरून तळ मोकळा ठेवते. गोगलगायी बेसुमार वाढल्या म्हणजे खाद्य जास्त पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ. खाद्य निम्मे करावे, रात्री काकडीची चकती दोऱ्याने बांधून सोडावी आणि सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायींसह उचलावी.

एका बाबतीत मात्र काळजी घ्यावी. इंडोप्लॅनॉर्बिस आणि लिम्निया या गोगलगायींमधून जनावरांच्या परजीवींची, त्यांत शेतकऱ्यांना ठाऊक असलेला लिव्हर फ्लूक हा यकृतातील चपटा कृमीही आला, वाढ होत असते. जनावरे बसतात अशा डबक्यात उघड्या पायांनी उतरल्यास काही परजीवींच्या पिल्लांमुळे अंगावर खाज व पुरळ उठते. तेथून वनस्पती आणू नयेत. आणायच्याच असतील तर रबरी हातमोजे आणि बूट घालावेत, आणि टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवावेत.

टीसीएलचा सल्ला मला पटत नाही. ग्रामपंचायतीच्या विहिरीसाठी ती पावडर योग्य आहे, पण डबा उघडा राहिला की तिच्यातील क्लोरीन कमी होत जातो, त्यामुळे नक्की किती तीव्रतेचे पाणी झाले हे घरी कळत नाही. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिलासारखी नाजूक पाने तर त्यात जळतात. त्यापेक्षा पोटॅशियम परमँगनेट बरे. एक ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावी, त्यातील 10 मिलिलिटर द्रावण प्रत्येक लिटर साध्या पाण्यात घालावे आणि त्या फिकट जांभळ्या पाण्यात वनस्पती दहा मिनिटे बुडवून मग स्वच्छ पाण्यात खळबळून घ्याव्यात. उघड्यावर असलेले हायड्रा, कृमी आणि लहान जळवा याने बऱ्याच अंशी जातात. गोगलगायींची चिकट अंडी आणि देठातील टाचणीची अंडी राहतात. अंड्यांचे गोळे नखाने खरवडून काढावेत. तुरटीच्या पाण्यात, लिटरला साधारण चमचाभर पूड घालून, काही तास वनस्पती ठेवण्याची पद्धतही गोगलगायींसाठी वापरात आहे.

खरा भरवशाचा उपाय म्हणजे वेगळी बादली. नव्या वनस्पती तीन-चार आठवडे उजेडात, निराळ्या बादलीत किंवा टबात ठेवाव्यात. देठातील बहुतेक अंडी त्या काळात फुटतात आणि बाहेर येणारे जीव दिसतात. त्या बादलीत दोन मोठे गप्पी सोडले तर अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या तेच फस्त करतात. गप्पी नसतील तर बादलीवर बारीक जाळी बांधावी, नाहीतर आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळणाऱ्या आपल्या घरातच डासांची पैदास होईल.

प्रश्न : बारवेतून आणलेल्या शेवाळाबरोबर टाकीत पांढरे ठिपके आले आहेत. ते उड्या मारत पोहतात, काहींना मागे दोन पिशव्या दिसतात. सासूबाई म्हणतात, अशाच पाण्याने पूर्वी नारू व्हायचा. टाकी घरात ठेवावी की नाही?
— एक वाचक, माण तालुका

उत्तर : सासूबाईंची आठवण बरोबर आहे आणि टाकी घरात ठेवण्यासही हरकत नाही. आपण पाहिलेला जीव सायक्लॉप्स किंवा त्याच्या जवळचा आहे. मागच्या दोन पिशव्या म्हणजे मादीची अंडी. नारूच्या कृमीची पिल्ले सायक्लॉप्सच्या पोटात वाढत आणि असे पाणी न गाळता प्यायल्यावर माणसाच्या शरीरात शिरत. वर्षभराने मीटरभर लांबीची मादी बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर येई. रोगी पाय घेऊन पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की नवी पिल्ले पुन्हा पाण्यात मिसळत. म्हणूनच बारवांशी या रोगाचे नाव जोडले गेले. सायक्लॉप्समध्ये स्वतःचा म्हणून नारू नसतो, तो रोग्याकडूनच येतो. भारतातील शेवटचा रोगी 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. आपल्या टाकीतील ठिपके हे माशांच्या पिल्लांचे उत्तम खाद्य आहे. टाकीत मासे सोडले की ठिपके आपोआप दिसेनासे होतील.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या टाकीत पानाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटून स्वतःच चालत होते. उघडून पाहिले तर आत अळी होती. ती पाण्यात जिवंत कशी?
— एक विद्यार्थिनी, वाई

उत्तर : ती पतंगाची अळी आहे. काही पतंग पाणवनस्पतींवर अंडी घालतात; त्यांची अळी पान कुरतडून दोन तुकडे रेशमी धाग्याने जोडते आणि त्या खोळीत राहते. काही जातींच्या अळ्यांना अंगभर केसाळ कल्ले असतात, काही खोळीत हवेचा थर धरून ठेवतात. भिंगातून कल्ले दिसतात का ते पाहा आणि वहीत चित्र काढून ठेव. खोळ वाळूच्या कणांची किंवा काड्यांची असेल तर आतला जीव बहुधा पतंगाचा नसून कॅडिसफ्लाय नावाच्या दुसऱ्या कीटकाची अळी असतो. पतंगाची अळी पाने भरपूर खाते, म्हणून तिला वनस्पतीच्या एका फांदीसह वेगळ्या बरणीत ठेव.

प्रश्न : कासच्या पठारावरील डबक्यांतील वायतुरा टाकीत फार शोभून दिसेल, आणि तेथील पाणी स्वच्छ असल्याने किडेही येणार नाहीत, असे वाटते. तो आणता येईल काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. पठार वनखात्याच्या ताब्यात आहे आणि तेथील कोणतीही वनस्पती उपटण्यास मनाई आहे. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, आणि तो सह्याद्रीबाहेर कोठेही आढळत नाही. पावसाळ्यात उथळ पाण्यात वाढून उरलेले महिने जमिनीखालच्या कंदात काढणारी ही वनस्पती बारमाही भरलेल्या टाकीत सहसा तग धरत नाही, म्हणजे आणूनही ती गमवावीच लागेल.

पाणी स्वच्छ म्हणून जीव नसतील, हा समजही बरोबर नाही. सड्यांवरील तात्पुरत्या डबक्यांत फेअरी श्रिंपसारखे झिंग्यांच्या नात्यातील बारीक जीव असतात, ज्यांची अंडी कोरड्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. ते तेथेच राहू द्यावेत. वनस्पती हव्या असतील तर स्वतःच्या शेततळ्यातील किंवा ओळखीच्या विहिरीतील हायड्रिला आणि सेराटोफायलम घ्यावे. जलपर्णी मात्र घरी वाढवू नये. छाटलेल्या फांद्या, बदललेले पाणी आणि नकोसे झालेले मासे वेण्णेत किंवा कृष्णेत सोडू नयेत : फांद्या उन्हात पूर्ण वाळवून खतात टाकाव्यात, पाणी कुंड्यांना घालावे, आणि मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या मत्स्यपालकाला द्यावेत.